विमानाला मारलेली फुंकर

मी विमानं दुरुस्त करतो. छोट्या विमानाच्या कागदावर माझी सही झाल्याशिवाय ते जागचं हलत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आधी बी.एस्सी., मग विमान दुरुस्तीचा कोर्स, मग परीक्षांमागं परीक्षा, तेव्हा कुठं लायसन हातात पडलं. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

अडचण एवढीच, की आमच्या झरी गावात हे कुणाला दाखवणार? डॉक्टर झालो असतो तर सुई टोचून दाखवली असती. माझे धाकटे चुलते चहाच्या हॉटेलात बसून खुशाल सांगायचे, "विमानाचं पंचर काढतंय म्हणं आमचं पोरगं." लोक हसायचे. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, मान खाली घालून बशीतला चहा प्यायचे.

आणि गेल्या हिवाळ्यात विमानच आमच्या तालुक्यात येऊन उतरलं.

मी ज्या फ्लाइंग स्कूलमध्ये नोकरी करतो तिथलंच ते विमान. एका पंख्याचं. आमच्या कॅप्टन मॅडम ते एकट्याच दुसऱ्या शहरात पोचवायला निघाल्या होत्या. इंजिन तासाला किती लिटर पेट्रोल पितंय हे दाखवणारा एक मीटर समोर असतो. परभणीच्या आसपास त्यावरचा आकडा एकदम दुप्पट झाला. मग शून्य. मग पुन्हा दुप्पट. इंजिन मात्र छान चाललेलं. तरी पेट्रोल जास्त जातंय म्हणजे एखादी नळी गळत असू शकते, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे काय हे सांगायला नको. पेडगावच्या अलीकडं एक नवा रस्ता झालेला, वाहतूक अजून सुरू व्हायची होती. मॅडमनी त्यावर विमान अलगद टेकवलं. माझ्या मते अगदी बरोबर केलं.

साहेबांचा मला फोन आला, "तुमच्याच भागात उतरलंय, तुम्हीच जा. दोष काढा, सही करा, तिथूनच उडवून आणू. परवानगीचं मी बघतो." निघता निघता मी घरी एक फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर रस्त्यावर जत्रा. पोलिसानं बांधलेल्या दोरीच्या आत फक्त मॅडम आणि आबा. आबांच्या अंगावर लग्नात घालायचे कपडे. "इंजिनेरचा बाप हाय" म्हणून ते आत शिरले होते आणि विमान चार वाजता उडणार असं परस्पर जाहीर करून टाकलं होतं. राणीसावरगावहून आमची आत्या टेम्पो भरून माणसं घेऊन आली होती.

"आबा, चार वाजता कुणी सांगितलं तुम्हाला?"

"टाइम दिल्याबिगर लोक थांबत न्हाईत. तू लाग कामाला."

मी लागलो. आधी टाकीत पट्टी घालून पेट्रोल मोजलं. "आपल्या ट्रॅक्टरवानीच की रे!" आबा खूश. जितका वेळ उड्डाण झालं तितकंच पेट्रोल जळालेलं. मग नळ्यांचा एकूण एक सांधा पांढऱ्या फडक्यानं पुसून पाहिला. विमानाच्या पेट्रोलचा निळा डाग कुठंच नाही. म्हणजे गळती नाही. इंजिन सरळ होतं, खोटं बोलत होता तो मीटर. नाहीतर त्याला आकडा कळवणारा सेन्सर, नाहीतर मधली वायर.

हा सेन्सर तंबाखूच्या डबीएवढा असतो. पेट्रोल त्यातून जाताना आतलं एक नाजूक चाक फिरतं आणि त्या फिरण्यावरून आकडा ठरतो. पेट्रोल बंद करून मी तो काढला, उजेडात धरून पाहिला. कचरा नव्हता. हलकेच कलवला तर चाक लोण्यासारखं फिरलं. दोन्ही तोंडांना लाल बुचं लावून मी तो पंखावर स्वच्छ कपड्यावर ठेवला आणि वायरीकडं वळलो.

मॅडम आत मीटरसमोर बसल्या. मी वायर बोटानं हलवत पुढं पुढं सरकू लागलो.

"आता?"

"शून्य."

"आता?"

"शून्य."

"आता?"

"अहो, तासाला चाळीस लिटर!"

इंजिन बंद, सेन्सर काढून ठेवलेला, आणि मीटर म्हणतोय चाळीस लिटर! दोरीपलीकडून चुलते ओरडले, "आमच्या लाइटीच्या मीटरचा भाऊ दिसायलाय हा!" लोक खो खो हसले. मीही हसलो, कारण दोष सापडला होता. वायर धरून ठेवणारी पट्टी ढिली होऊन घासत होती. वरचं प्लास्टिक जाऊन तांबं उघडं पडलं होतं, ते लोखंडाला शिवलं की आकडा उड्या मारायचा. मी तेवढा तुकडा बदलला, त्यावर प्लास्टिकची बाही चढवली, पट्टी नवी घातली. वायर सगळीकडून हलवली. शून्य, शून्य, शून्य. आता सेन्सर जागेवर बसवायचा, इंजिन चालवून बघायचं आणि सही. चारच्या आत सहज होणार होतं.

तेवढ्यात मागं भिर्रर्र असा आवाज झाला.

वळून पाहिलं. आबांनी बुचं काढून सेन्सर तोंडाला लावला होता, गाल फुगले होते, डोळे मिटले होते आणि ते जीव खाऊन फुंकत होते. पब्लिक टाळ्या वाजवत होतं.

आमच्याकडं ज्यातून काही वाहतं असं कुठलंही यंत्र अडलं, की आधी फुंकर. डिझेल इंजिन असो, ट्रॅक्टर असो, फवारणीचा पंप असो. नळी काढायची, तोंडाला लावायची, फुंकायचं, थुंकायचं आणि म्हणायचं, "हवा धरली होती." डिझेलची चव माहीत नसलेल्या माणसाला आमच्यात कुणी शेतकरी म्हणत नाही. आबा आयुष्यभर जे करत आले तेच त्यांनी केलं. मुलाच्या कामाला हातभार म्हणून केलं.

पण त्या सेन्सरच्या पुस्तकात ठळक लिहिलेलं असतं की यातून हवा मारू नका. पेट्रोलात ते चाक संथ फिरतं. हवेनं ते पिसाट फिरतं आणि त्याचा आधारच खराब होऊ शकतो.

मॅडम खाली उतरल्या. हळूच म्हणाल्या, "फुंकरीनं काय होतंय? बसवा ना. सगळे थांबलेत."

सगळे थांबलेत हे मला दिसत होतं. आबांचा चेहराही दिसत होता. वायरीतच आणखी काहीतरी निघालंय असं सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण आबाच समोर येऊन म्हणाले, "साफ करून दिलाय बघ. बसव."

"आबा, हा आता बसवता येत नाही."

"का?"

"तुम्ही फुंकलंत म्हणून."

आत्यानं पदर तोंडाला लावला. आबांनी सेन्सर उलटासुलटा करून पाहिला.

"पुस्तकात तसं लिवलंय?"

"लिहिलंय."

"आन् तरी तू सही केली तर?"

"उडेल कदाचित नीट. पण सही माझी आहे."

आबांनी सेन्सर माझ्या हातावर ठेवला. मग दोरीकडं वळून, सभेत बोलावं तसं बोलले, "विमान आज उडणार न्हाई! माझ्या हातनं खराबी झाली. उद्या या!"

चुलते तेवढीच वाट बघत असल्यासारखे ओरडले, "एका फुंकरीत विमान बसिवलं गड्यांनो!"

"बसिवलं," आबा म्हणाले. "तुला सायकल तरी बसिवता येती का?"

दुसऱ्या दिवशी नवा सेन्सर आला. मी तो बसवत असताना आबा दोरीजवळ उभे राहून जो कुणी वाकेल त्याच्यावर खेकसत होते, "तोंड लावू नगा! पुस्तकात न्हाई ते!" इंजिन सुरू झालं, आकडा जागेवर स्थिर राहिला, मी सही केली. मॅडमनी विमान उचललं, आमच्या डोक्यावरून एक चक्कर घेतली आणि गेल्या. आत्या रडली. कशाला ते तिलाच माहीत.

आबांच्या गोष्टीत यातली आता फक्त फुंकर शिल्लक आहे. हॉटेलात ते सांगतात, की त्यांनी अशी फुंकर मारली की आतलं चाक जाग्यावर खलास. माणसं त्यांच्या छातीकडं बघतात.

जुना सेन्सर आम्ही बनवणाऱ्यांकडं तपासायला पाठवला होता. निरोप आला की तो ठणठणीत आहे, फुंकरीनं त्याला काहीही झालेलं नाही. मी आनंदानं आबांना फोन लावला.

ते आवाज खाली आणून म्हणाले, "गावात सांगू नगं. लोकांना वाटंल माझ्या छातीत दमच न्हाई."