सहा माणसांची लिफ्ट

"तुम्ही जा, मी मागून येतो," असं म्हणून आमचे म्हातारे शेजारी लिफ्टमधून बाहेर पडायचे. आत त्यांच्याखेरीज चार माणसं झाली की हे ठरलेलंच. डोक्यावरची टोपी जराशी उचलायची, एक पाऊल मागे टाकायचं आणि हे वाक्य बोलायचं. ते जर्मनमध्ये फार अदबीने बोलत आणि सकाळी सव्वाआठला मला त्या अदबीचा भयंकर राग येई.

बाहेर पडल्यावर तरी माणसाने जिन्याची वाट धरावी की नाही? पण नाही. दार बंद होईपर्यंत तिथेच उभं राहून ते आतली माणसं मोजायचे, ओठ हलवत. आमची फ्रँकफर्टची इमारत आठ मजली, लिफ्ट एकच, आणि आत पाटी: सहा व्यक्ती. एकदा मी वैतागून म्हटलं, सहाची परवानगी आहे, तुम्ही पाचवे आहात, तेव्हा आत या नाहीतर जिन्याने जा. "आल्झो," म्हणजे 'तर मग', ते शांतपणे म्हणाले, "पिशव्यांनाही वजन असतं." माझ्या एका खांद्यावर लॅपटॉप आणि दुसऱ्यावर इराचं, म्हणजे माझ्या मुलीचं, दप्तर होतं.

तुमच्याही इमारतीत असा एखादा असेलच. आपण त्याला विक्षिप्त ठरवून मोकळे होतो. मीही झाले होते.

त्याच संध्याकाळी खाली टपालपेट्यांपाशी त्यांची मुलगी भेटली. ती इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. मी तक्रार सुरू केली तेव्हा ती हसली आणि म्हणाली की बाबा आमच्या देशात मंत्री होते, जलवाहतूक खात्याचे. आग्नेय आशियातला तो बेटांचा देश. नाव सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. ज्यांच्या गाडीपुढे एके काळी दोन मोटरसायकली धावत, त्यांना मी जिन्याने पिटाळत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी माफी मागितली, तर त्यांनी टोपी उचलली आणि पुन्हा लिफ्टबाहेर पडले.

पुढे रविवारची कॉफी सुरू झाली आणि त्यांची हकिगत तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. वडील नावाडी. हे मात्र शिकले आणि शाळेत गणित शिकवायला लागले. बेटावर दवाखाना नाही म्हणून अर्ज लिहिता लिहिता पुढारी झाले, निवडून आले, मंत्री झाले. मंत्री म्हणून त्यांनी काय केलं असं विचारलं, की ते बोटींच्या धक्क्यांची नावं सांगायचे. एकवीस धक्के बांधले होते आणि कुठल्या धक्क्याला किती पायऱ्या तेही त्यांना पाठ होतं. घरात फोटो एकच, वडिलांच्या नावेचा. राष्ट्राध्यक्षांबरोबरचे फोटो कुठे आहेत म्हटलं, तर म्हणाले, त्यात सगळे सारखेच दिसतात.

त्या वर्षी सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आमच्याकडे गणपतीला चाळीसेक माणसं यायची होती. मी वर उकडीच्या मोदकांशी झगडत असताना खाली मंत्रिसाहेबांनी आपणहून बंदोबस्त हाती घेतला. नऊवारीतल्या बायका, कुर्त्यातले इंजिनियर, मुलंबाळं, सगळ्यांना रांगेत लावून ते चार-चार करून वर पाठवत होते. सासूबाई खाली डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या सोसायटीचा वॉचमन फार मायाळू आहे हो." मंत्री होते असं कळल्यावर त्यांनी पदर सावरला आणि ताटात दोन मोदक जास्त वाढले.

दोघांची गट्टी जमली ती इरामुळे. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. त्यामुळे सासूबाईंचं बोलणं त्यांच्यापर्यंत फटाफट पोचायचं आणि त्यांचं उत्तर परत आणायला मला उठावं लागायचं. मोदकांचा डबा परत द्यायला ते आले तेव्हा डबा रिकामा नव्हता, आत तळलेली केळी होती. सासूबाई खूश झाल्या. मग त्यांनी सरळ विचारलं, लिफ्टची एवढी कसली भीती?

इराने ते जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

सणाचे दिवस होते, म्हणाले. घरी जाणाऱ्यांची गर्दी होती आणि बोटी कमी. आमदार, बोटमालक, सगळे मागे लागले होते. परवान्यापेक्षा जास्त माणसं न्यायची तीन दिवसांची मुभा त्यांनी सही करून दिली. लोकांची सोय व्हावी, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्याच दिवशी एक बोट धक्का दिसत असताना उलटली. तो धक्का त्यांनीच बांधलेला, पायऱ्या सत्तावीस. त्यांनी राजीनामा दिला तेव्हा मंत्रिमंडळातले लोक चिडले, कारण तोवर तिथे कुणी असं केलंच नव्हतं. नंतर बायको वारली आणि ते मुलीकडे आले.

दसरा झाल्यावर त्यांना एक पत्र आलं. त्या बोटीत नवरा आणि मुलगी गमावलेल्या एका शाळामास्तरणीचं. दरवर्षी त्या दिवशी नातेवाईक धक्क्यावर जमतात, आणि बोटीने त्या जागेपर्यंत जाऊन फुलं सोडतात. तिने लिहिलं होतं की या वर्षी तुम्ही या. एवढंच. रागाचा शब्द नाही, आणि क्षमा केल्याचाही नाही.

त्यांची झोप उडाली. जावं तर त्या माणसांच्या डोळ्यांत बघावं लागणार, आणि न जावं तर आता वय असं की पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. त्यांनी अकरा पानी भाषण लिहिलं आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन जर्मनमध्ये करत वाचून दाखवलं. मला धीर नसतोच. चौथ्या पानावर मी सांगून टाकलं की हे विधानसभेत चाललं असतं. त्यांनी कागद खाली ठेवले. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

कणीक मळता मळता सासूबाई बोलल्या. "भेटायला जायला भाषण कशाला लागतं? आमचे हे गेले तेव्हा माणसं आली नि बसली. कोण काय बोललं ते मला एक अक्षर आठवत नाही. कोण कोण येऊन बसलं ते मात्र सगळं आठवतं. आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही, नुसतं निघायचं."

इराने सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या लोकांनी बसूच दिलं नाही तर?

"मग उभं राहायचं," सासूबाई म्हणाल्या आणि पोळी लाटायला घेतली.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे त्यांना पोचवायला निघालो. ते, त्यांची मुलगी, सासूबाई, इरा, मी आणि एक अवजड बॅग. लिफ्ट आली, सगळे आत शिरले, आणि त्यांचा हात टोपीकडे गेलेला मी पाहिला. मी झटकन बाहेर पाऊल टाकलं. "तुम्ही जा, मी मागून येते." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ओठ हलवत आतली माणसं मोजली, आणि दार बंद झालं. पाच मजले उतरताना मला रडू आलं.

ते परत आले नाहीत. बेटावरच बहिणीकडे राहिलेत आणि रोज सकाळी धक्क्यावर जातात, असं त्यांच्या मुलीकडून कळलं. लिफ्ट आता सहा जणांना घेऊन निमूट वर जाते. मी मात्र आत शिरले की पिशव्यासुद्धा मोजते.

डिसेंबरात त्यांचं पत्र आलं. भाषण खिशातच राहिलं, असं लिहिलं होतं. कुणी फारसं बोललं नाही. बोट पंचवीस जणांची, आणि त्यांना धरून बरोबर पंचवीस झाले. त्यांनी दोनदा मोजलं. तरी सवयीने ते उतरायला लागले, तेव्हा त्या मास्तरणीने त्यांची बाही धरली आणि शेजारची जागा हाताने पुसली.

मी सांगलीला फोन लावून सासूबाईंना हे वाचून दाखवलं.

"बसले ना?" त्यांनी विचारलं.

"बसले."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या.