पहिल्या रांगेत आबा

माझ्या नव्या अल्बममधलं सगळ्यांत जास्त ऐकलं जाणारं गाणं प्रेमभंगाचं आहे, असा लोकांचा समज आहे. "तुझी पाठ ओळखते मी, चेहरा विसरत चालले" अशी त्याची सुरुवात. पुण्यातल्या कार्यक्रमानंतर एका मुलीने मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "सोड त्याला, ताई." मी बरं म्हटलं. तिला कुठे सांगत बसू की ते गाणं माझ्या वडिलांवर आहे, आणि सुरतेच्या डिंडोलीतल्या दोन खोल्यांच्या घरात बापाला सोडून जायचं म्हटलं तरी फार तर गॅलरीपर्यंत जाता येतं.

आबा तरुणपणी धुळ्याकडून सुरतेला आले आणि उधन्याच्या एका खात्यात लागले. कापडाचे लूम चालतात त्या शेडला इथे खातं म्हणतात. तिथे शंभरेक मशीन एका वेळी धडधडत असतात आणि शेजारच्या माणसाने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. तीसेक वर्षांत आबांचे कान गेले. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं, पण त्यातून भांड्यांचा आवाजही खात्यासारखा येतो म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. त्यांना त्याची गरजही फारशी पडत नाही. खात्यातले सगळेच जुने कारीगर ओठ वाचतात. आबांना शेडच्या ह्या टोकावरून त्या टोकाचा माणूस काय बोलतो ते कळायचं. लहानपणी मी अंगणापलीकडून मैत्रिणीला काही खाजगी सांगितलं की रात्री जेवताना ते आईला शब्दन् शब्द सांगत.

ह्या लोकांचा एक रिवाज आहे. एखाद्याबद्दल त्याच्यासमोरच काही बोलायचं असेल, तर कारीगर तोंडावर हात घेतो नाहीतर गमछा ओढतो. खात्यात कोणी तुमच्याकडे बघत तोंड झाकलं, तर समजायचं की विषय तुम्ही आहात. त्यावरून तिथे भांडणं झालेली आहेत, आणि आबाही एकदा एकाची गचांडी धरून आले होते.

आणि ऐकायचं नसेल तर? तेही सोपं असतं. तोंड फिरवायचं.

मी सहकारी बँकेतली कायम नोकरी सोडली, तेव्हा आबांनी हेच केलं. आमच्या गल्लीत मी पहिली बँकवाली. आबा कुठल्याही लग्नात गेले की ओळख करून देताना माझ्या नावाआधी बँक सांगायचे. ती सोडून मी गिटार घेऊन गावोगाव फिरणार, हे मी त्यांना ज्या संध्याकाळी सांगितलं, त्या संध्याकाळी त्यांनी माझं वाक्य पूर्ण वाचलं आणि मान भिंतीकडे वळवली. ती आठ महिने तशीच. मी ताट वाढलं की ते ताटाकडे बघत. मी समोर जाऊन उभी राहिले की उठून चपला शोधत. कान असलेल्या माणसाशी निदान भांडता येतं. तो रागाने खोलीबाहेर गेला तरी मागून चार वाक्यं फेकता येतात. इथे माझी सगळी वाक्यं भिंतीलाच. मला त्यांचा इतका राग आला होता की एका दुपारी ओट्यापाशी उभ्याउभ्या मी ते गाणं लिहून टाकलं.

मग एके दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून "जेवनी का?" म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. तेवढंच. समेट नाही, चर्चा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आम्ही तिघांनी ती गच्च आवळून धरली. पण गाणं अल्बममध्ये गेलं. लोक मुलाखतीत मला विचारतात की इतकं उघडं लिहायचं धैर्य कुठून आलं. खरं सांगायचं तर धैर्यबिर्य काही नव्हतं. ज्याच्यावर लिहिलं त्याला ऐकू येत नाही, ही माझी सोय होती.

दौरा पुणे, नाशिक, मुंबई, इंदूर, बडोदा असा करत शेवटी सुरतेला आला. शेजारच्या काकींनी पोस्टर पाहून आईला विचारलं, "गरबा गाय छे के?" आई म्हणाली, गरबा नाही, हळू हळू गाते काहीतरी. माझ्या संगीताचं ह्याहून नेमकं वर्णन अजून कुठल्या समीक्षकाने केलेलं नाही.

आबा येतील असं मला वाटलंच नव्हतं. पण दोन दिवस आधी त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला आणि मला विचारलं, "पुढे बसाले भेटी का? तोंड दिसाले पाह्यजे." मला रडूच आलं. मी पाठ फिरवून भाजी ढवळत बसले. ह्या घरात रडायचं असेल तर पाठच फिरवावी लागते.

शनिवारी चार वाजता कार्यक्रम होता. अडाजणमधला छोटा हॉल, सत्तर-ऐंशी खुर्च्या. ध्वनीवाल्याला मी सांगितलं की माईक हनुवटीच्या खाली आणि जरा बाजूला ठेव, माझे ओठ पहिल्या रांगेतून दिसले पाहिजेत. तो म्हणाला, मॅडम, तुमचा आवाज मुळात बारीक, माईक एवढा लांब ठेवला तर मागच्यांना काय ऐकू येणार? मी म्हटलं, मागच्यांचं मागचे बघतील. त्याने मान हलवत आवाज वाढवला, शिट्टी वाजायला लागली, मग कसंबसं जमवलं.

आबा पहिल्या रांगेत मधोमध बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, पापणी न लववता. पहिली तीन गाणी मी आयुष्यात कधी गायले नसेन अशी गायले, कारण मी फक्त त्यांना सांगत होते. अहिराणी गाण्यातल्या एका चेष्टेला ते हसले. हॉल हसण्याआधी हसले, कारण इतरांनी ती ऐकायच्या आत त्यांनी माझ्या ओठांवर पाहिली होती.

चौथं ते गाणं होतं. ते वगळायचं मी आदल्या रात्रीपासून ठरवत होते, पण अल्बमचं नावच त्याच्यावरून आहे, आणि मागून पोरं त्याचीच फर्माइश करायला लागली. आबांशेजारी बसलेल्या आईने माझ्याकडे बघितलं. गाणं कोणावर आहे ते तिला माहीत होतं. मी गिटार जुळवायचं निमित्त केलं, स्टँडचा स्क्रू सैल केला आणि माईक वर ओढून ओठांसमोर आणला. अगदी समोर. मग डोळे मिटून गायले. गाणं संपलं तेव्हा टाळ्या दौऱ्यातल्या सगळ्यांत जास्त होत्या. आबा टाळ्या वाजवत नव्हते. पुढची गाणी मी माईक परत खाली घेऊन म्हटली, पण ते आता माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, माईकच्या दांड्याकडे बघत होते.

रविवारी सकाळी आईने चहा ठेवला. आबा पेपर बाजूला करून माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"चौथं गानं," ते म्हणाले. "ते मन्हावर शे."

मी काहीतरी सबब सांगायला लागले. मागे आवाज पोचत नव्हता, ध्वनीवाला म्हणाला, असं काहीबाही. त्यांनी हात वर केला.

"तवय मी देखं नही," ते म्हणाले. "आते मी देखस, तं तू तोंड झाकस."

आठ महिने मी ज्या गोष्टीसाठी त्यांच्यावर दात धरून होते, ती काल भरल्या हॉलमध्ये मीच त्यांच्याशी केली होती. त्यांनी निदान कोणाच्या देखत तरी केली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

"सांग," ते म्हणाले. "समदं सांग."

मी गिटार घेतली नाही. आवाजही काढला नाही, कारण आवाज काढला असता तर मी गायला लागले असते आणि चालीत लपले असते. नुसते ओठ हलवत पहिली ओळ म्हटली, मग दुसरी. तिसरी ओळ अशी आहे: ताट वाढलं, पाणी ठेवलं, तीनदा हाक मारली. ती वाचून आबांनी मान खाली घातली.

मी थांबले.

"सांग ना व पुढे, थांबनी काबर?" आई चहा गाळता गाळता म्हणाली.

मी तिला खुणेने सांगितलं की ते बघत नाहीत. तिने गाळणी खाली ठेवली. आबांच्या हातावरच्या शिरा मी बघत बसले. घाई करावीशी वाटली नाही. चहा निवला.

मग त्यांनी मान वर केली. मी चौथी ओळ म्हटली: एकदा तरी माझ्याकडे बघून नाही म्हण.

आबांनी ती वाचली. डोळे पाण्याने भरले होते, पण त्यांनी ते हलवले नाहीत.

"नही," ते सरळ माझ्याकडे बघत म्हणाले. "बँक सोडाले नको व्हती तू."