दुखतंय म्हणायचं नाही

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते ओल्या तुवेरीच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगा सोलायचं. सुभानपुऱ्यातल्या आमच्या गॅलरीत, सकाळच्या उन्हात, मधे परात. शालनचा डावा हात मधूनच थांबायचा. खांदा चोळायची, पुन्हा शेंग उचलायची.

"काय गं, दुखतंय का?"

"नाही हो. ऊर्जा फिरतेय."

"मग पंखा बंद करू का?" मी म्हटलं. ती हसली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही... डॉक्टर म्हणाले, हृदय. चार दिवस तरी दुखत असणार, काही बोलल्या नाहीत का? बायको पंचेचाळीस वर्षांची सोबतीण, आणि हे मला परका माणूस विचारतोय.

तिच्या ध्यानाशी माझं भांडण नव्हतं. किती वर्षं ती सकाळी साडेपाचला देवासमोर घडी घातलेल्या गोधडीवर बसायची. वीस मिनिटं, गुपचूप. उठली की चहा ठेवायची आणि तिचं बुलेटिन सुरू. आज टाच, आज कंबर, काल जिन्यात दम लागला. मी पेपरात डोकं घालून "हं, हं" करायचो. एकदा बोललोही, "शालन, तुझं रडगाणं काही संपत नाही बघ."

मग जवळच गोत्रीत एका गुजराती बेनचा ध्यानाचा क्लास लागला. बसायला सोसायटीतल्या चौघीजणी बरोबर. नुसतं डोळे मिटून बसणं त्या बेनला कमी पडत होतं. त्याच्यावर मोबाईलवरची प्रवचनं, वहीत एकच वाक्य एकवीसदा लिहिणं, आरशात बघून स्वतःला "तू छान आहेस" म्हणणं, पाण्याच्या माठावर चिठ्ठी. एकाचं हे, दुसऱ्याचं ते, सगळ्याचा काला. उंधियूची मिसळभाजी करतानासुद्धा काय आधी घालायचं, काय मागून, हे बाईमाणूस बघते. ही बेन काहीच बघत नव्हती. आणि वरून नियम: दुखणं तोंडातून काढायचं नाही, काढलं की ते घर करतं. दुखलं तर म्हणायचं, ऊर्जा फिरतेय. आमच्या माठावर शालनच्या अक्षरात चिठ्ठी लागली, "मी पूर्ण निरोगी आहे."

मी सातवी शिकलेला. तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. प्रेशरचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावर काचेवर "सगळं ठीक आहे" असा कागद डकवणारा आमच्याकडे असता तर त्याला कॉलर धरून गेटाबाहेर काढला असता. आणि माझ्या घरात तो कागद वर्षभर लागलेला होता. त्याच माठातलं पाणी मी रोज प्यायलो... खरं लिहितो. बुलेटिन बंद झालं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पेपर निवांत वाचून व्हायचा. "क्लासचा फायदा झाला हं तुला," असं मीच म्हणालो होतो. ती केवढी खूश झाली होती!

बेसण्याला, म्हणजे कुणी गेलं की इकडे लोक पांढऱ्या कपड्यांत दुखवट्याला येऊन बसतात तेव्हा, ती बेन आली. जय श्रीकृष्ण केलं, शालनच्या फोटोला फूल वाहिलं आणि माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "काका, रडू नका. आत्मा पोतेज टाइम पसंद करे छे." म्हणजे शालननं मरायची वेळ स्वतःच निवडली! अर्धी तुवेर सोलायची ठेवून?

मी उभा राहिलो. "बेन, तिला चार दिवस दुखत होतं. तुम्ही सांगितलं म्हणून ती नवऱ्याला बोलली नाही. चपला घाला."

"काका, तुमच्यात फार राग भरलाय..."

"भरलाय. ऊर्जा नाही, रागच आहे तो. चला."

शेजारचे पटेलभाई "जवा दो ने, काका, जाऊ द्या" म्हणत माझा हात धरायला लागले. मी सोडवून घेतला. बेन गेली. पण तिला हाकलून माझा अर्धाच हिशोब मिटला, उरलेला अर्धा घरातच बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला उठलो. माठावरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. तिचं अक्षर, म्हणून फाडवली नाही, देवाजवळ ठेवली. गोधडीची घडी तशीच होती. तिच्यावर बसलो, डोळे उघडे ठेवून, आणि मोठ्यानं म्हणालो, "शालन, ऐक. डावा गुडघा दुखतोय. रात्री पायात गोळे आले. छातीत तर फार दुखतंय गं." मग तिच्यासारखा उठून चहा ठेवला. पेपर दारातच पडून राहिला.