दादाला सांगितलेला हर्निया

जन्मभर पोरांना ‘खरं बोला’ शिकवलं आणि स्वतःच्या आतड्याबाबत मात्र जठारपेठेतल्या सगळ्या शेजाऱ्यांना थाप मारली.

शौचातून रक्त जायचं. अकोल्यात दुर्बिणीने तपासलं तर मोठ्या आतड्यात पॉलिप निघाला, म्हणजे मांसाचा कोंब. चपटा, आतड्याच्या घडीमागे पसरलेला, दुर्बिणीतून निघण्यासारखा नव्हता. कॅन्सर नव्हता, पण ठेवला तर होऊ शकला असता. अमरावतीला रोबोटने ऑपरेशन ठरलं. सर्जनबाई कोपऱ्यातल्या यंत्रावर बसून हात चालवणार आणि माझ्या पोटात रोबोटची बोटं हलणार. मला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. माझं आतडं पडद्यावर सगळे पाहणार!

सुटी देताना बाई म्हणाल्या, ‘सख्ख्या भावाबहिणींना तपासून घ्यायला सांगा. हे घराण्यात असू शकतं.’ मी मान डोलावली.

आमच्याकडे ऑपरेशन झालं की माणसं पाहायला येतात, आणि कुठलं, कसं, काय निघालं, सगळं खोदून विचारतात. शौचाची गोष्ट चहाबरोबर कशी सांगायची? मी हर्निया सांगून मोकळा झालो. हिवरखेडहून दादा-वहिनी आले, संत्र्यांची पिशवी घेऊन. पोट पाहून दादा म्हणाला, ‘हर्नियाले एवढे भोकं?’

‘नवीन पद्धत आहे,’ मी म्हटलं. विसरलो म्हणायचीही सोय नाही, बाईंचं वाक्य तोंडाशी आलं होतं. समोर वहिनी बसली होती आणि मी लाजलो.

दोन वर्षांत दादा वाळत गेला. शेवटी मीच त्याला अकोल्यात डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट पाहून त्यांनी विचारलं, ‘घरात कोणाला आतड्याचा त्रास?’

‘नाई जी,’ दादा ठामपणे म्हणाला. ‘याले हर्निया झालता, बस.’

मी शेजारीच बसलो होतो. तोंड उघडायला मला किती वेळ लागला ते आठवलं की आजही मान वर होत नाही. मग सगळं सांगितलं. दादाचा कॅन्सर तोवर यकृतात पोचला होता.

बाहेर बाकावर दादा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

‘तुले पाहाले आलो ना, तवाच मले रक्त जाये,’ तो म्हणाला. ‘तुले इचाराव म्हनूनच आलो होतो. पन तुले हर्निया निंघाला. मंग काय इचारू?’