ओझ्याचा आकडा

अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. घरसामान हलवायचा धंदा मूळचा नवऱ्याचा. तो गेला आणि ट्रकची किल्ली हिनं उचलली. ‘हिला काय जमणार’ म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून ती बोळात ट्रक उलटा घालायची, तोही एका दमात. सामान उचलायला दोन गडी आणि तिचा धाकटा दीर. त्याला सगळे ‘कपाट’ म्हणत. कपाट तो एकटा पाठीवर घ्यायचा आणि अंगानंही तसाच होता.

दोघा भावांना आईकडून जन्मतःच बी प्रकारची कावीळ मिळालेली. वरून काही दिसत नाही, पण विषाणू रक्तात मुक्काम ठोकून असतो. थोरल्याचा लिव्हरचा आकडा दर तपासणीत थोडा वर यायचा. तो हसून म्हणायचा, “एवढी ओझी उचलतो, आकडा वाढणारच!” अगदीच खोटं नव्हतं ते. तो आकडा एसजीपीटी नावाच्या पदार्थाचा; हा पदार्थ मुख्यतः लिव्हरमध्ये असतो, पण थोडा स्नायूंमध्येही असतो, आणि जड काम केलं की तिथूनही रक्तात उतरतो. त्या थोड्यावर सगळं घर विसंबून राहिलं. मग एके दिवशी त्याच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले आणि करण्यासारखं काही उरलं नाही.

आता कपाटाच्या रिपोर्टात तोच आकडा वर आला.

“वहिनी, घाबरताय काय? पियानो उतरवून तसाच लॅबमध्ये गेलो होतो. ओझ्याचा आकडा आहे तो!”

तेच वाक्य, तेच हसू. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याला तसाच ट्रकमध्ये बसवला आणि डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन उभा केला.

“ओझ्याचाही असू शकतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि लिव्हरला सूज असली तरी असाच येतो.”

“असू शकतो हे मी पुष्कळ ऐकलंय,” वहिनी म्हणाली. “आहे की नाही, ते कसं कळेल?”

“दोन आठवडे यांना काही उचलू देऊ नका. मग एकाच वेळी स्नायूंचा आकडा काढू, लिव्हरचा काढू आणि विषाणू किती आहे तेही मोजू. स्नायूंचा खाली आला आणि लिव्हरचा तसाच राहिला, तर ओझ्याला दोष देता येणार नाही.”

झालं! कपाटाला खुर्चीवर बसवणं म्हणजे काय दिव्य होतं, ते त्या दोन गड्यांना विचारा. वहिनी डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायची. पाण्याची बादली उचलली तरी ओरडायची. त्याचे हात नुसते शिवशिवायचे.

एकदा तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी तिजोरी उतरत होती. जिन्याच्या वळणावर ती अडकली. गडी घामाघूम झाले, वरून मालक ओरडू लागला. कपाट बाह्या सरसावून उठला.

“भावजी, हात लावाल तर बघा!”

“अहो, पडेल ती!”

“टेकलीय ती कठड्याला, पडत नाही. राहू दे इथंच, उद्या नेऊ.”

“धंद्याची अब्रू जाईल, वहिनी!”

“जाऊ दे! एक माणूस गेलाय या धंद्यात, दुसरा नाही देणार मी.”

एवढं बोलून तिनं पदर खोचला आणि स्वतः तिजोरीला खांदा लावला. गडी चपापले, मग त्यांनीही जोर केला. इंच इंच करत तिजोरी खाली आली. कपाट मान खाली घालून खिशात हात कोंबून उभा होता. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. पण हात खिशातच राहिले.

दोन आठवडे भरल्यावर तपासायला रक्त दिलं. रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. स्नायूंचा पार खाली आला होता. लिव्हरचा जागचा हलला नव्हता. विषाणूही भरपूर होता.

“सूज लिव्हरचीच आहे,” त्या म्हणाल्या. “पण वेळेत सापडलात. रोज एक गोळी घ्यायची, मनानं बंद करायची नाही. काम खुशाल करा.”

परत येऊन ट्रक घरासमोर थांबला, तरी कपाट उतरेना.

“वहिनी, म्हणजे दादाचंसुद्धा... ओझ्याचं नव्हतं?”

“नव्हतं,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

“त्याला वेळेत कळलं असतं तर?”

वहिनीनं पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. पाकीट फोडून गोळी तळहातावर ठेवली.

“तुम्हाला कळलंय ना, भावजी? मग गिळा आधी.”

त्यानं गिळली. वहिनीनं तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं, आणि मगच ट्रक बंद केला.