दमणगंगेकाठची बंगली

माझ्या सासूबाई नाशकातच जन्मल्या, नाशकातच दिल्या आणि रोज पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आंघोळीला जात. तरी म्हणायच्या, "अगं, नदीकाठी मी बसले अशी नाहीच कधी. बुडी मारली, धुणं आपटलं, की पळा घरी." मी तेव्हा सतरा वर्षांची. मला वाटायचं, काय हे म्हातारीचं खूळ! म्हातारी कसली, पंचेचाळिशीच्याही नव्हत्या.

सन तीस-पस्तीसच्या दरम्यानची गोष्ट. मामंजी कचेरीत कारकून होते. त्यांच्या ओळखीच्या एका लाकूडव्यापाऱ्याची पेठच्या पलीकडे, दमणगंगेच्या खोऱ्यात, लाकडी बंगली होती. जंगलात तोड चालू असली की त्याची माणसं तिथे राहायची, एरवी रिकामी. नाताळच्या सुट्टीत चार दिवस ती आम्हांला मिळाली. पेठपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी. मामंजी, माझे यजमान, धाकटे दीर आणि आम्ही दोघी.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. सासूबाईंनी भाजणी दळली, मेतकूट केलं, कंदिलाच्या काचा राखेनं घासून लखलखीत केल्या. जुन्या लुगड्यांची एक छोटी गोधडी शिवायला घेतली. कशाला म्हणून विचारलं तर लाजून म्हणाल्या, "काठावर अंथरायला. नुसतं बसायचं बाई मला." मामंजींचं सोवळं कडक, पण या माझ्या कानात म्हणाल्या, "तिकडे गेलं की चार दिवस खुंटीला टांगू." तारीखसुद्धा त्यांनीच बोटांवर मोजून ठरवली, माझे दिवस कधी ते विचारून. दोघींपैकी एकजण ऐनवेळी बाहेरची झाली तर घरातून निघणंच बंद, हे त्या पुरतं ओळखून होत्या.

आणि नेमकं तेव्हाच निफाडहून, माझ्या माहेराहून, बोलावणं आलं. थोरल्या बहिणीचं डोहाळजेवण. मी यजमानांना मामंजींकडे विचारायला लावलं. उत्तर आलं, "सहल ठरली आहे. तिथे पाच माणसांचा स्वयंपाक एकटीनं कोण करणार?"

झालं! माझं डोकंच फिरलं. म्हणजे मला न्यायची ती धुरात फुंकणी फुंकायला! तीन दगडांची चूल, ओली लाकडं, आणि हे सगळे बसणार नदीची शोभा बघत. तेव्हा मी भारी तापट होते. आताही आहे म्हणतात घरचे, म्हणोत बापडे.

निघायच्या दिवशी पहाटे बोचकी दारात बांधून तयार होती. मी मागल्या पडवीत जाऊन घोंगडीवर बसले आणि तिथूनच सांगितलं, "मी दूर बसले."

सासूबाई दारात आल्या. "अगं, अजून आठ दिवस होते ना?" एवढंच म्हणाल्या. मी मान खाली घालून "झालं खरं" म्हटलं. माझा हिशेब सरळ होता. ही मंडळी जातील, शेजारच्या काकू मागे एकदा वाढत होत्या तशा मला वरून ताट वाढतील, आणि यांना फुकटची स्वयंपाकीण मिळणार नाही. चांगली जिरेल!

मामंजी चिडले. मोटारीत विटाळ कालवायचा नाही आणि बंगली पुन्हा मिळायची नाही, दोन्ही त्यांनी ठणकावून सांगितलं. मग सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही तिघं जा. पिठलंभात तर येतो करता. कोवळी पोर, तिला एकटी कशी टाकू?"

हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तोंड उघडायचं होतं, पण मामंजी समोर उभे. खोटं बोलले म्हणावं तर त्याच पावली माहेरी पोचवली असती, कायमची. गोधडीची घडी सासूबाईंनी बोचक्यातून काढून पुन्हा ट्रंकेत ठेवली.

चार दिवस त्यांनी मला जेवायला घातलं. दुरून ताट सरकवायच्या, वरून आमटी ओतायच्या, "मीठ बेताचं आहे ना गं?" विचारायच्या. दुसऱ्या दिवशीही मोटार होती, तिसऱ्या दिवशीही. घरात आम्ही दोघीच. एका वाक्याचं काम होतं. दर घासाला ते वाक्य घशाशी यायचं आणि मी मेली घासाबरोबर गिळून टाकायची.

चौथ्या दिवशी न्हाणीत माझ्या डोक्यावर पाणी घालताना त्या हळूच म्हणाल्या, "परसातल्या दोरीवर तुझं एकही फडकं वाळत पडलं नाही हो." मग त्याच म्हणाल्या, "पुन्हा असं करू नकोस. ह्यांच्या लक्षात आलं असतं तर काय गत झाली असती तुझी?" आणि शिकेकाईनं केस चोळू लागल्या. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच त्यांना ठाऊक होतं! मी रडले. पण "चुकले" हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. पाण्यात रडं लपतं, याचाच फायदा घेतला.

संध्याकाळी मंडळी परतली, डास आणि थंडीच्या तक्रारी करत. सासूबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "दारातून दिसते का हो नदी?"

मामंजी म्हणाले, "दारातून? लक्ष नाही दिलं."

पुढल्या वर्षी जाऊ असं ठरलं. पुढल्या पावसाळ्यात सासूबाई तापानं गेल्या. ट्रंकेतली गोधडी माझ्या पहिल्या बाळंतपणात बाळाखाली घातली. ती घालताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बऱ्याच वर्षांनी यजमानांचं पेठला काम निघालं, तेव्हा मी हट्टानं त्या बंगलीवर गेले. दारात उभी राहिले. समोर नुसते साग. नदी कुठेच नाही. म्हटलं, बरं झालं, फारसं काही हुकलं नाही त्यांचं. मनाची समजूत घालायला माणूस काहीही शोधतं.

मग मागच्या पडवीत गेले. तिथे तीन काळे दगड होते, चुलीचे. चुलीपुढे बसतात तशी बसून पाहिली. खाली सबंध नदी, या वळणापासून त्या वळणापर्यंत. सासूबाई माझ्या शेजारी गोधडी अंथरून बसल्या असत्या, आणि भाकरी थापता थापता मलाही दिसली असती.