कार्पेट एरिया आणि डोलकाठी

परवा बिल्डरच्या ऑफिसात आमच्या घराविषयी 'जुनं स्ट्रक्चर, व्हॅल्यू झीरो' असं ऐकलं, म्हणून हे लिहिते आहे. एरवी घरच्या गोष्टी इथे मांडायची मला सवय नाही.

त्याच बैठकीत तिथल्या तरुणाने मला कार्पेट एरिया समजावला. भिंतींची जाडी सोडून आतली जागा... मला तो चौथीतच समजला होता.

स्वातंत्र्याला फार वर्षं झाली नव्हती. रेवसजवळच्या आमच्या गावात वडील शाळामास्तर. चिरे मातीत रचून त्यांनी घराच्या भिंती उभ्या केल्या. छपराचं आढं, म्हणजे दोन टोकांच्या भिंतींवर टेकणारं मुख्य लाकूड, मुंबईहून शिडाच्या मचव्यातून आणवलं.

वर चढवलं आणि... ते टेकेचना! वडिलांनी माप खोलीच्या आतून घेतलं होतं. भिंतींची जाडी धरलीच नव्हती.

शेजारचे पांडूतात्या कोळी खाली उभे होते. "मास्तर, घर बांधताव का पेटी?" सगळे हसले. वडील नाही हसले. मृग तोंडावर आला होता, मुंबईचे मचवे बंद झाले होते. छपराविना एक पाऊस पडला असता, तर मातीत रचलेल्या त्या भिंती बसल्याच असत्या.

संध्याकाळी पांडूतात्या चौघांना घेऊन आले. खांद्यांवर त्यांच्या होडीची डोलकाठी!

"होरी आता निजलेली हाय. काठी कशाला जागी ठेवू? नारली पुनवंला दुसरी बगू."

काठी चढली. दोन्ही भिंतींवर टेकून वर उरली. पावसाआधी कौलं बसली.

नारळी पौर्णिमा झाली, सगळ्या होड्या पाण्यात गेल्या. पांडूतात्यांची तेवढी माडाच्या झापांखाली किनाऱ्यावरच... तो अख्खा मोसम ते दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेले. आमच्या दारात त्यांनी त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही.

पुढे कॉलेज झालं, नोकरी झाली, पुष्कळ मोठ्या इमारती पाहिल्या. मान वर करून थक्क व्हावं असं छप्पर मला तेवढं एकच माहीत आहे.

काल घर उतरवायला सुरुवात झाली. पाडणाऱ्यांना मी आढ्याला करवत लावू दिली नाही.

सुपूर्द केले: सागाची डोलकाठी, एक. शेंड्याचं, शिडाच्या दोराचं भोक शाबूत.
घेणार: पांडूतात्यांची नात.
देणार: मास्तरांची मुलगी.